शुक्रवारी शिरोलीत इंटरव्ह्यू हाय, समोरासमोरचा. पुण्यात दोनदा आपटलोय, जरा सांगा की

राजारामपुरी_९वी_गल्ली
मंडळी नमस्कार. येत्या शुक्रवारी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून पार्ट ओततात तिथं) इंटरव्ह्यू हाय, क्वालिटी इन्स्पेक्टरसाठी, साडेदहाला बोलावलंय. फोनवर नाही, व्हिडिओवर पण नाही, थेट समोर बसायचं. डिप्लोमा मेकॅनिकल, ६४ टक्के.

पुण्यात दोन ठिकाणी जाऊन आलोय. पहिल्या ठिकाणी तिघं बसलेले, त्यातला एकजण लॅपटॉपमधनं मान वर न काढता 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हणाला, मी पाठ केलेलं सुरू केलं, माय नेम इज, आय ॲम फ्रॉम, माय फादर इज, आणि फादर इजच्या पुढं गाडी बंदच पडली. बाबा केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसवर, ड्रायव्हर हायत, त्यात लाजायचं काय नाही, पण पाठ केलेल्यातला एक शब्द गळला आणि मागचं सगळंच गळलं. दुसऱ्या ठिकाणी ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांतला फरक विचारला, येत नव्हता तरी पाच मिनिटं कायबाय बोलत बसलो. 'वुई विल लेट यू नो' म्हणाले, ते काय अजून कळवायलेत.

रेझ्युमेवर फ्रेशर लिहिलंय. मधलं एक वर्ष उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमध्ये काढलंय पण ते सांगण्यासारखं नाही, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, पगार असा नव्हता, मामा शनिवारी हातावर ठेवेल ते. म्हणून ते टाकलेलं नाही.

आता चार दिवस हायत. काय करू?

पांढरा_रस्सा
पयलं म्हणजे गुरुवारी रात्री तांबडा वरपू नकोस. अनुभव हाय. बाकीचं जाणकार सांगतील.

तालमीतला
भावा उगंच अभ्यास करून डोकं शिणवू नकोस. आत कोण ओळखीचं हाय काय बघ. सगळं आधीच ठरल्यालं असतंय, इंटरव्ह्यू म्हणजे नुसता देखावा.

फाउंड्रीवाला
थांब थांब, वशिल्याचं नंतर बघू. @राजारामपुरी, वर्षभर मशीन शॉपमध्ये होतास आणि रेझ्युमेवर फ्रेशर लिहितोस? मर्दा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? मी सतरा वर्षं फाउंड्रीतच आहे, त्यातली दहा क्वालिटीत. आमच्याकडं डिप्लोमाची पोरं येतात त्यातल्या निम्म्यांनी मापं घ्यायचा वर्निअर फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हातात धरलेला असतो. मामाकडं नेमकं काय करत होतास ते सांग. पॉलिश न करता सांग, मला इंटरव्ह्यू देऊ नकोस.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सर विशेष काय नाही. सकाळी झाडलोट, मशीनला ऑइल, मग फेसिंग-टर्निंगची साधी कामं. नंतर मामानं चेकिंगला बसवलं. गनमेटलचे बुश (पोकळ नळकांडी) यायचे पंपवाल्यांचे, त्यांचा बोर म्हणजे आतलं भोक बघायचा, प्लग गेज (मापाचा दांडा) घालून, बारीक गो आत गेला पाहिजे, जाडा नोगो जायला नको.

एकदा भानगड झाली ती आठवते. संध्याकाळी मी साठ बुश ओके करून क्रेटमध्ये लावले, सकाळी पार्टी आली आणि त्यातल्या वीसेक नगात गोच आत जाईना. मला वाटलं रात्री कोणी क्रेट बदलला. मामा काय बोलला नाही, मशीनवरनं नुकताच उतरलेला एक बुश माझ्या हातात दिला, चटका बसला. तापलेला असताना बोर मोठा भरतो, गार झाला की आवळतो. तवापासनं मशीनवरनं उतरलेला नग अर्धा तास बाजूला ठेवायचा आणि मगच गेज लावायचा असं चालू केलं. ते वीस बुश परत बोर करावे लागले, मामानं त्या शनिवारी पैसे दिले नाहीत 😄

फाउंड्रीवाला
हे सांगण्यासारखं नाही म्हणतोस? अरे तुझ्याकडं सांगायला हेच तर आहे. चूक कशी झाली, कारण काय निघालं, पुढं पद्धत काय बदलली. आमच्यात याला मोठमोठी इंग्लिश नावं आहेत, फॉर्म भरून घेतो आम्ही त्याचे. रेझ्युमे आजच्या आज बदल. 'एक वर्ष, मशीन शॉप, उद्यमनगर, टर्निंग व तपासणी' एवढं साधं लिही. आणि शुक्रवारी बुशची गोष्ट जशी इथं सांगितलीस तशीच सांग, शनिवारच्या पैशासकट.

आता फाउंड्रीचं बोलू. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं पसरलेलं असतं, त्या पापुद्र्याच्या टोकापासनं तडा सुरू होतो, म्हणून ते ठिसूळ. एसजीमध्ये वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम टाकतात, ग्रॅफाइटच्या गोळ्या होतात, म्हणून ते जरा ताण सोसतं, लगेच तुटत नाही. आणि मॅग्नेशियमचा परिणाम ओतायला उशीर झाला की उतरत जातो, म्हणून ट्रीटमेंट झाल्यावर लॅडल (ओतायची बादली) घेऊन गप्पा मारत उभं राहता येत नाही. एवढं तुला समजून सांगता आलं तरी बास.

डिफेक्ट बघून जा: ब्लो होल, पिन होल, श्रिंकेज, कोल्ड शट, सँड इन्क्लुजन. नावं पाठ करून उपयोग नाही. मामाच्या ओळखीत कोणाची तरी फाउंड्री असणारच, भंगाराच्या ढिगातनं रिजेक्ट कास्टिंग हातात घेऊन बघ. वायूचं भोक (ब्लो होल) आतनं गुळगुळीत असतं, श्रिंकेजचं, म्हणजे धातू गोठताना आकसून पडलेलं, खडबडीत. एकदा बोट फिरवलंस की आयुष्यात विसरणार नाहीस.

पुणेरी_कोल्हापूरकर
मी हिंजवडीत आहे, आठ वर्षं. माझं मत थोडं वेगळं. इंग्लिशमध्येच बोलायचा प्रयत्न कर, फर्म हँडशेक, आय कॉन्टॅक्ट, ब्लेझर असेल तर उत्तम. आणि 'व्हॉट इज युवर वीकनेस' येणारच, त्याला 'आय ॲम अ परफेक्शनिस्ट' हे सेफ उत्तर आहे.

पलीकडची_खुर्ची
वीस वर्षं एचआरमध्ये काढलीत, आधी गोकुळ शिरगाव, आता कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत. वरचं परफेक्शनिस्ट वाचून हसू आवरेना. बाबा रे, हे उत्तर मी आठवड्यातनं चारदा ऐकतो. माझ्या शेजारी प्रॉडक्शनचे साहेब बसतात, ते टेबलाखालनं मला पाय लावतात, आला बघा आणखी एक परफेक्शनिस्ट म्हणून. खरी आणि छोटी उणीव सांगावी आणि त्यावर काय करतोय ते सांगावं. 'इंग्लिश बोलायला अडखळतो, ड्रॉइंग आणि मेल वाचता येतो, बोलण्याची सवय करतोय' हे चालतं की.

ब्लेझर शिरोलीला? जुलैत? इस्त्रीचा फुल शर्ट, साधी पँट आणि बूट. शॉपफ्लोअरवर नेलं तर चप्पल चालत नाही, कितीही कोल्हापुरी असली तरी.

भाषेचं म्हणाल तर कोल्हापुरातल्या इंटरव्ह्यूत निम्मं बोलणं मराठीतच होतं. अडलास तर सरळ विचार, 'सर मराठीत सांगितलं तर चालेल का'. मी तरी आजवर कोणाला नाही म्हटलेलं नाही. मात्र ड्रॉइंगवरचं इंग्लिश आलंच पाहिजे, कस्टमरचं ऑडिट येतं तेव्हा आमची बोबडी वळलेली चालत नाही.

आणि हॉबी. रेझ्युमेवर खोटी हॉबी लिहू नका हो. एका पोरानं 'कुस्ती' लिहिलेली, आमच्या साहेबांचं अर्धं आयुष्य खासबागेच्या कुस्ती मैदानात गेलेलं, त्यांनी विचारलं ढाक आणि घिस्सा यात फरक काय. पोरगं गप्प. साहेब म्हणाले, हरकत नाही, धोबीपछाड तरी सांग. पोराला घाम. पुढचे मशीनचे प्रश्न त्याला येत होते बहुतेक, पण मनातनं तो तिथंच चितपट झालेला.

@तालमीतला, चिठ्ठ्या येतात, खोटं कशाला बोलू. नगरसेवकाची येते, पाहुण्यांची येते, डायरेक्टरच्या गाववाल्याची येते. त्यानं होतं काय तर माणूस इंटरव्ह्यूपर्यंत येतो. काही ठिकाणी त्याच्या पुढंही जातो, ते मी पाहिलंय, आवडलेलं नाही. पण क्वालिटीत असला माणूस घेतला की महिन्याभरात माल परत येतो आणि शिव्या खातो तो घेणारा, त्यामुळं क्वालिटीचा मॅनेजर सहसा ऐकत नाही.

तालमीतला
बरं साहेब, तुमच्याकडं न्हाई, पण हाय न्हवं? तेच म्हणत हुतो.

गुळाचा_रवा
पोरा, माझं वेगळं क्षेत्र आहे, अकाउंट्स, तरी सांगते. मी २०१५ ला नोकरी सोडली, तेव्हा व्हॅट होता. परत बाहेर पडले २०२२ च्या दिवाळीनंतर, मधे जीएसटी आलेला, सगळी भाषाच बदललेली. दिराच्या मित्राच्या सीए ऑफिसात दोन महिने बिनपगारी एंट्र्या मारल्या, जीएसटीचं टू-बी (खरेदीच्या बिलांचं पोर्टलवरचं पत्रक) जुळवायला शिकले, मग अर्ज केले.

पहिला इंटरव्ह्यू पुण्याच्या एका कंपनीच्या इथल्या ब्रँचला. समोरची मुलगी म्हणाली, परत कधी येऊ शकाल. मी आपली सवयीनं बोलून गेले, 'कधी पण येतो की'. आपल्याकडं बायका 'येतो, जातो' म्हणतातच, तिनं शेजारच्याकडं बघून ओठ दाबले. मग विचारलं मुलं किती, सासूबाई सांभाळतात का. हे शेजारच्या पुरुष उमेदवाराला विचारलं असतं का? नाही झालं ते काम, बरंच झालं.

दुसरा मार्केट यार्डात, गुळाच्या पेढीवर. मालक म्हातारे, गादीवर बसलेले, समोर गुळाचे रवे रचलेले, माशा घोंघावतायत. कागद बघितलेच नाहीत. एकच विचारलं, 'गुळावर जीएसटी किती?' मी तोंड उघडणार होते पाच टक्के म्हणून, पण समोर ३० किलोचे रवे दिसत होते. मी म्हटलं, 'कुठला गूळ काका? हा सुटा रवा, का लेबल लावलेला एक किलोचा पॅक?' कारण पाच टक्के लागला तो १८ जुलै २०२२ पासनं, तोही पॅक करून लेबल लावलेल्या मालावर. ते हसले आणि आतनं चहा मागवला. सात वर्षांची गॅप नंतर विचारली, मी म्हटलं सासरे आजारी होते आणि मुलगी लहान होती, एवढंच. पुढं काही विचारलं नाही. अजून तिथंच आहे.

म्हणजे सांगायचं काय, प्रश्न अर्धवट वाटला तर उलटा प्रश्न विचारायला घाबरू नकोस. लगेच उत्तर फेकायची घाई आपल्याला शाळेपासनं लागलेली असते.

पांढरा_रस्सा
ताई, 'येतो की'ला हसणाऱ्यांना एकदा आपल्या गल्लीत सोडा. दोन दिवसात 'जेवलो, झोपलो' करत फिरतील.

राजारामपुरी_९वी_गल्ली
सगळ्यांना लई धन्यवाद. रेझ्युमे बदलला. मामाला सांगितलं तुझं वर्कशॉप लिहिलंय, तर म्हणाला 'नाव नीट लिही हां'. काल त्याच्या ओळखीच्या फाउंड्रीत जाऊन रिजेक्ट माल बघून आलो, बोट फिरवून. कागदपत्रं काय काय न्यायची? एका मित्राला ओरिजिनल मार्कशीट जमा करायला सांगितलेलं.

पलीकडची_खुर्ची
ओरिजिनल दाखवायची, परत फाइलमध्ये घालायची. झेरॉक्सचे दोन सेट द्यायचे. ओरिजिनल ठेवून घेणाऱ्याकडं नोकरीच नको, सोडताना तीच अडवून धरतात. आणि डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे आधी भरा असं कोणी म्हटलं की उठून यायचं. रेझ्युमेच्या तीन कॉपी, पेन स्वतःचं.

वेळेचं बघ. पाऊस चालू आहे. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेलेला. तसलं काही नसलं तरी तावडे हॉटेलपासनं पुढं ट्रक अडकले की अर्धा तास गेला.

फाउंड्रीवाला
शेवटचं. 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणतील तेव्हा 'नो सर' म्हणू नकोस. पावसाळ्यात रिजेक्शन वाढतं का विचार. खरोखरचा प्रश्न आहे तो, वाळूतला ओलावा सांभाळताना आम्ही रडकुंडीला येतो या दिवसांत.

राजारामपुरी_९वी_गल्ली
मंडळी, जाऊन आलो. सगळं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांनी सकाळची केएमटी सांगितलेली, पावणेदहालाच गेटवर. वॉचमनकाकांनी रजिस्टरमध्ये सही घेतली आणि बूट पुसायला फडकं दिलं, चिखल होता. आमच्यासारखे अकराजण. माझा नंबर सातवा, साडेबारा वाजले, तोवर पोटात गोळा येऊन येऊन तो पण दमला.

आत दोघं होते. एक क्वालिटी मॅनेजर आणि एक वयस्कर, ते कोण ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' आलंच. मी इंग्लिशमध्ये नाव, डिप्लोमा, उद्यमनगर एवढं तीन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, पुढचं मराठीत सांगू का. 'सांग की', मॅनेजर म्हणाले. मग वर्कशॉपवर आले. पगाराची स्लिप आहे का? नाही सर, मामाचं आहे. वयस्कर सर हसले, 'मग शनिवारचा हिशोब', म्हटलं व्हय सर. तिथंच माझा खांदा सैल पडला. बुशची गोष्ट सांगितली. त्यांनी मधेच विचारलं, अर्धा तासच का, तास का नाही? मी म्हटलं, सर मोजून ठरवलेलं नाही, हाताला गार लागायला तेवढा वेळ लागायचा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग ड्रॉवरमधनं वर्निअर आणि एक गोल पिन काढून दिली. ड्रॉइंगवर २५ मिमी अधिक-उणे ०.०५, म्हणजे २४.९५ ते २५.०५ चालतं. मोज म्हणाले. मामाची सवय, आधी जबडे फडक्यानं पुसायचे, बंद करायचे आणि उजेडाला धरून शून्य बघायचं. शून्य जुळेना. परत पुसलं, तरी जुळेना, ०.०४ पुढं. मला वाटलं घाबरल्यामुळं मला चुकीचं दिसतंय, तिसऱ्यांदा बघितलं. ०.०४च. पिन मोजली, तीन ठिकाणी फिरवून, २५.०६. दोघं गप्प. मी म्हटलं, सर वर्निअर २५.०६ दाखवतोय, म्हणजे रिजेक्ट, पण यात ०.०४ चा झीरो एरर आहे, तो वजा केला तर २५.०२, म्हणजे पिन ओके. मॅनेजर म्हणाले, मग ओके करून पाठवायची? मी जरा थांबलो (गुळाचा_रवा ताई, तुमची आठवण आली) आणि म्हटलं, मी तरी या वर्निअरवर पाठवणार नाही, हा बाजूला काढून कॅलिब्रेशनला द्यायला पाहिजे, आणि एवढ्या टॉलरन्सला मायक्रोमीटर मिळेल का? (तो वर्निअरपेक्षा बारीक मोजतो.)

वयस्कर सरांनी ड्रॉवरमधनं मायक्रोमीटर काढून टेबलावर ठेवला. तो आधीपासनंच तिथं होता! माझ्या आधीच्या सहाजणांतल्या किती जणांनी मागितला देव जाणे.

एक आलं नाही. पीपीएपीच्या लेव्हल किती विचारलं. पुण्याची आठवण झाली, तोंडातनं कायबाय निघणारच होतं. म्हटलं, नवीन पार्ट चालू करायच्या आधी कस्टमरला मंजुरीसाठी कागद आणि नमुने द्यावे लागतात एवढं माहीत आहे, लेव्हल माहीत नाहीत. 'बघून ठेव', एवढंच म्हणाले. घरी येऊन बघितलं, पाच हायत.

शेवटी पावसाळ्याचा प्रश्न विचारला. फाउंड्रीवाला सर, तुम्हाला कोपरापासनं नमस्कार. वयस्कर सर उठलेच, चल म्हणाले, सँड प्लांटवर घेऊन गेले. मूठभर वाळू हातात दिली, दाबायला लावली आणि मोडायला लावली. ओलावा जास्त झाला की साच्यात वाफ होते, कास्टिंगमध्ये भोकं पडतात, असं सांगत होते, भट्टीच्या आवाजात निम्मं ऐकूच आलं नाही, मी मान हलवत होतो. परत येताना हात काळे, शर्टाच्या बाहीला काळं. सोमवारी फोन करतो म्हणाले.

फाउंड्रीवाला
झीरो एरर असलेला वर्निअर मुद्दाम ठेवलेला असतो रे, मीही ठेवतो. आता दुसरा शोधावा लागणार, सगळ्या कोल्हापूरला कळलं 😀

राजारामपुरी_९वी_गल्ली
फोन आला!! एक तारखेपासनं जॉइन. पण सीटीसी २० हजार म्हणतात, ऑफर लेटरवर ग्रॉस १८ हजार लिहिलंय, बेसिक १२. हातात किती येणार? आईला २० सांगून बसलोय.

गुळाचा_रवा
अभिनंदन पोरा! हे माझ्या खात्यातलं. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, १,४४०. ईएसआय (आजारपणाचा विमा) ग्रॉसच्या पाऊण टक्का, १३५. प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हातात १६,२२५. वरचे दोन हजार म्हणजे कंपनी तिच्या बाजूनं पीएफ-ईएसआय भरते ते, सीटीसीत, म्हणजे तुझ्यावरच्या कंपनीच्या एकूण खर्चात, ते धरतात. पीएफ तुझाच आहे, बुडत नाही. आईला सव्वासोळा सांग आणि पहिल्या पगाराला पेढे आण.

तालमीतला
अभिनंदन भावा. वशिला नव्हता न्हवं? 😄

राजारामपुरी_९वी_गल्ली
मामाचा होता की! त्याला सांगितलं तर म्हणाला, ते वीस बुशचे पैसे आता पगारातनं कापून घेतो. बरं, सेफ्टी शूज कंपनी देते का आपण घ्यायचे?

फाउंड्रीवाला
देते. नंबर मात्र पाय मोजून सांग. मला ८ च्या जागी ९ दिलेले, बदलून मागायची लाज वाटली, सहा महिने मोज्यांवर मोजे घालून फिरत होतो.